ओलसर बेसमेंटला हार्डवूड की विनाइल प्लँक? दोन्ही टाकून बघितल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या बेसमेंटमध्ये गेल्या सहा वर्षांत दोन फ्लोअरिंग झाली, आधी सॉलिड ओकच्या फळ्या आणि त्या उखडून मग विनाइल प्लँक, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्या, त्यामुळे हा रिव्ह्यू दोघांचा आहे आणि खरं सांगायचं तर तिसऱ्याच एका गोष्टीचा जास्त आहे, खालच्या काँक्रीटचा. कारण सगळं तिथेच ठरतं. मी शोरूममध्ये रंग आणि रेषा बघत बसले होते तेव्हा हे कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर एक अख्खं लाकडी फ्लोअर वाचलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

लाकडापासून सुरू करते कारण जीव तिथेच अडकला होता. १९ मिमी जाडीच्या, १२५ मिमी रुंद ओकच्या फळ्या, एकमेकींच्या खाचेत जीभ बसणाऱ्या, खाली लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवूड आणि त्यात खिळे मारून बसवलेल्या. पहिले सहा-सात महिने इतकं सुंदर दिसत होतं की पाहुणे आले की मी त्यांना आधी खाली न्यायचे. अनवाणी चाललं की पायाला ऊब लागायची, आवाज भरीव यायचा, आणि एक ओरखडा पडला तरी घासून परत नवं करता येणार हा विश्वास असायचा, सॉलिड हार्डवूड आयुष्यात चार-पाच वेळा सँडिंग करून घेता येतं आणि नीट सांभाळलं तर पिढ्यानपिढ्या टिकतं, यात काहीही खोटं नाही. लाकडाला मी आजही नावं ठेवत नाही. चूक जागेची झाली.

मग दमट महिने आले. एका संध्याकाळी बेसमेंटच्या छोट्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं आणि सगळ्या जमिनीवर बारीक बारीक सावल्यांच्या रेषा दिसल्या, प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना एकेक. दिवसभर वरच्या दिव्यांच्या उजेडात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी गुडघ्यावर बसून स्टीलची पट्टी आडवी टेकवली तर दोन्ही कडांवर टेकली आणि मधोमध फट, एक व्हिजिटिंग कार्ड त्यातून सहज सरकलं. फळी पन्हळीसारखी झाली होती, कडा वर आणि पोट खाली. याला कपिंग म्हणतात हे मला नंतर कळलं.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. लाकूड झाडातून कापलं, भट्टीत वाळवलं, पॉलिश केलं तरी ते हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. साधारण २१ अंश सेल्सिअसला हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातली ओल ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, आणि तीच आर्द्रता ८० टक्के झाली की लाकूड १६ टक्क्यांपर्यंत जातं. ओल वाढली की फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगते. ओकचा हिशोब असा आहे की ओल १ टक्का वाढली की रुंदी साधारण ०.३७ टक्के वाढते. म्हणजे १२५ मिमीची फळी ४ टक्के ओल जास्त प्यायली तर जवळपास १.८ मिमी फुगणार. एका फळीत हे काहीच नाही वाटत, पण शेजारी शेजारी २० फळ्या धरा, अडीच मीटर रुंदीत साडेतीन सेंटिमीटरच्या वर वाढ होते आणि भिंतीपाशी आम्ही सोडली होती १९ मिमीची गॅप. मग फळ्या जाणार कुठे? एकमेकींना रेटतात, आणि आमच्यासारखी ओल खालून येत असेल तर फळीची खालची बाजू, म्हणजे पोट, जास्त फुगते आणि वरची, म्हणजे पाठ, कमी, म्हणून कडा वर उचलल्या जातात. आणखी पुढे गेलं तर खिळे उपटून अख्खी रांग तंबूसारखी उभी राहते, आमच्याकडे सुदैवाने तिथवर गेलं नाही.

ज्यांनी फ्लोअर बसवलं होतं त्यांना फोन केला तर म्हणाले काही नाही हो, वरून सँडिंग करून सपाट करून देतो. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण ओळखीचे एक वयस्कर सुतारकाका बघायला आले, त्यांनी ओल मोजायच्या मीटरच्या पिना फळीत टोचल्या, वर ९ टक्के दाखवले आणि लांब पिना खोलवर टोचल्यावर १५. काका म्हणाले, "ताई, आत्ता रंधा मारू नका. कडा तासून टाकाल आणि उद्या फळी वाळली की त्याच कडा खाली बसतील, मग मधला भाग उंटासारखा वर राहील आणि ते काही केल्या जाणार नाही." हे मी सगळ्यांना सांगते, कप झालेल्या लाकडावर ओल असेपर्यंत मशीन फिरवू देऊ नका, आधी ओल कुठून येतेय ते शोधा, पाठ आणि पोट एका रीडिंगला येऊ द्या, बऱ्याचदा कपिंग निम्म्याच्या वर आपोआप बसतं.

आमचं मात्र बसण्यासारखं राहिलं नव्हतं. एका कोपऱ्यातल्या चार फळ्या काढल्या आणि खालून जो कुबट वास आला, बंद पेटीत ओले कपडे राहिल्यासारखा, तो अजून लक्षात आहे. प्लायवूडवर काळे ठिपके, खिळ्यांच्या टोकांना गंज, आणि लाकडी पट्ट्यांच्या खाली काँक्रीटवर पांढरी पावडर, बोटाने पुसली की परत दोन-चार दिवसांत हजर. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो म्हणतात ना, तेच. पाणी जमिनीतून काँक्रीटमधून वर चढतं, येताना क्षार विरघळवून आणतं, वर येऊन पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. काँक्रीट दिसायला दगड असलं तरी आतून बारीक बारीक छिद्रांचं असतं आणि वातीसारखी ओल वर ओढतं. जुन्या घरांत जमिनीच्या काँक्रीटच्या स्लॅबखाली प्लास्टिकचा थर घातलेलाच नसतो बऱ्याचदा, मग ही ओल कायमची. आमच्या फळ्या बसवताना काँक्रीटवर कोणी काहीच तपासलं नव्हतं, ना प्लास्टिक अंथरलं, सरळ पट्ट्या ठोकल्या.

तर आता तपासणी कशी करायची ते, कारण विनाइल घेतलं तरी हे करायचंच आहे. सगळ्यात साधी म्हणजे प्लास्टिकची टेस्ट. जाड पारदर्शक प्लास्टिकचा १८ इंच बाय १८ इंच तुकडा घ्यायचा, स्वच्छ काँक्रीटवर ठेवून चारही बाजूंनी टेप लावून हवाबंद करायचा आणि कमीत कमी १६ तास तसाच ठेवायचा. आम्ही चार ठिकाणी लावले, दोन भिंतीजवळ, एक मधोमध, एक ड्रेनच्या शेजारी. सकाळी टॉर्च घेऊन खाली गेले तर मधला कोरडा, ड्रेनजवळचा जरासा धुरकट, आणि मागच्या भिंतीजवळच्या दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूला मोत्यांसारखे थेंब, खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झालेलं. प्लास्टिकच्या आत थेंब म्हणजे ओल खालून येतेय. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला थेंब दिसले तर ती हवेतली ओल आहे, थंड पृष्ठभागावर येऊन बसलेली. दोन्ही प्रकार एकाच खोलीत असू शकतात, आमच्याकडे होते.

पण ही टेस्ट फक्त वरवरचं सांगते, कोरडी निघाली म्हणून नाचू नका. खरा आकडा हवा असेल तर स्लॅबमध्ये ड्रिलने भोक पाडून आत सेन्सर ठेवतात, स्लॅब एकाच बाजूने वाळणारा असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवर, आणि २४ तास थांबून आतली आर्द्रता मोजतात. एएसटीएम एफ २१७० नावाची पद्धत आहे, फ्लोअरिंगवाला हे नाव ऐकून गोंधळला तर समजून जा की त्याने कधी मोजलेलं नाही. लाकडासाठी बऱ्याच कंपन्या ७५ टक्क्यांच्या आसपासची मर्यादा देतात, विनाइलची मर्यादा जास्त असते पण प्रत्येक प्रॉडक्टची वेगळी, ती बॉक्समधल्या कागदावर लिहिलेली असते. आमचा आकडा आला मागच्या भिंतीजवळ ८८. म्हणजे हार्डवूडचा विषय तिथेच संपला, आणि सॉलिड हार्डवूड जमिनीच्या पातळीखाली टाकूच नये असं लाकडी फ्लोअरिंगचा धंदा करणारेच सांगतात हे मला तेव्हा कळलं, नंतर कळण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

आता इथे बहुतेक लोक लगेच विनाइल विकत घेतात आणि मोकळे होतात, मीही तेच करणार होते. थांबलो ते सुतारकाकांमुळेच, ते म्हणाले आधी घराबाहेर एक फेरी मारा. बाहेर गेलो तर छपराच्या पन्हळीचा पाइप बरोबर मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पाणी ओतत होता आणि माती भिंतीकडे उतरती होती, म्हणजे छपरावरचं सगळं पाणी आम्हीच बेसमेंटला पाजत होतो! पाइप लांब नेला, भिंतीलगत माती भरून उतार बाहेरच्या बाजूला केला, पहिल्या १० फुटांत साधारण ६ इंच उतार असावा असा नियम आहे. एवढ्यानेच दोन महिन्यांत मागची भिंत वाळायला लागली. ज्यांच्याकडे पाणी खरोखर आत पाझरतं, डबकी साचतात, त्यांना ड्रेन आणि सम्प पंप, म्हणजे खड्ड्यात जमलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, हे करावंच लागेल, तिथे कुठलंही फ्लोअरिंग उपयोगाचं नाही, ना लाकूड ना विनाइल.

दुसरी गोष्ट हवेची. बेसमेंटला कुबट वास येतो म्हणून आपण खिडक्या उघडतो, मी पण रोज उघडायचे, आणि दमट दिवसांत हे अगदी उलटं पडतं. बाहेर २६ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा २० अंशांना टेकली की पाणी सोडते, आणि बेसमेंटचा स्लॅब असतो १८ अंशांना. म्हणजे खिडकी उघडून मी बाहेरचं पाणी आत बोलावत होते आणि ते थंड जमिनीवर बसत होतं. आता दमट हवामानात खिडक्या बंद, हवेतली ओल ओढून घेणारा डिह्युमिडिफायर ५० टक्क्यांवर लावलेला, त्याचा पाइप थेट ड्रेनमध्ये. हवेतली आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर एक छोटासा भिंतीवर टांगलाय, जाता येता नजर टाकायची सवय लागलीय.

एवढं सगळं झाल्यावर परत मोजलं, ८८ चे ८१ झाले. लाकडाला अजूनही नाही, विनाइलला हो. आता विनाइलचा रिव्ह्यू.

विनाइल प्लँक म्हणजे एकावर एक थर असतात. सगळ्यात वर पातळ कोटिंग, त्याखाली झीज सोसणारा पारदर्शक थर, म्हणजे वेअर लेयर, त्याखाली लाकडाचा छापलेला फोटो, मग जाड गाभा, आणि काहींना खाली फोमची गादी आधीच चिकटवलेली. दुकानात सगळ्यात जास्त फसगत होते ती मिल या शब्दावर. प्लँकची एकूण जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात, ४ ते ८ मिमी, आणि वेअर लेयर मिलमध्ये, आणि मिल म्हणजे मिलिमीटर नाही, इंचाचा हजारावा भाग. २० मिल म्हणजे जेमतेम अर्धा मिमी. पण तोच अर्धा मिमी तुमच्या फ्लोअरचं आयुष्य ठरवतो कारण तो झिजला की खालचा फोटो झिजणार आणि विनाइलला सँडिंग नाही. जाड प्लँक दिसली म्हणून खूश होऊ नका, ८ मिमी जाड आणि ६ मिल वेअर लेयरवाली प्लँक मी स्वतः हातात घेतलीय. आम्ही २० मिलची घेतली, कमी वापराच्या खोलीला १२ मिल चालून जाईल.

गाभा दोन प्रकारचा मिळतो. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी, घट्ट, जड, कडक. डब्ल्यूपीसी म्हणजे फोमसारखा हलका गाभा, पायाला मऊ आणि जरा उबदार, पण जड कपाटाच्या पायाचा खड्डा पडतो. बेसमेंटला मी एसपीसी सुचवेन, तापमान बदललं तरी कमी हलतं. दोन्हींचे सॅम्पल आणून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले होते, शेजारी उरलेल्या ओकचा एक तुकडा पण. सकाळी विनाइलच्या दोन्ही तुकड्यांची जाडी कॅलिपरने मोजली तर जशीच्या तशी, प्लँक एकमेकींत अडकवायची क्लिकची खाच पण पहिल्यासारखीच बसत होती, आणि ओकचा तुकडा शेजारच्या कोरड्या तुकड्याच्या खाचेत शिरायलाच तयार नाही. तो क्षण जरा वाईट वाटण्याचा होता, पण निर्णय तिथे पक्का झाला.

बसवताना खरी मेहनत प्लँक जोडण्यात नसते, जमीन सपाट करण्यात असते. ३ मीटरच्या पट्टीखाली ५ मिमीपेक्षा जास्त खड्डा किंवा उंचवटा नको, नाहीतर पाऊल पडलं की प्लँक खाली दबते आणि काही महिन्यांत क्लिकची जीभ तुटते. आमच्याकडे ड्रेनजवळ खड्डा होता, तिथे सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण, ओतलं, एक उंचवटा घासावा लागला. आणि इथे एक फार गंभीर सूचना. जुन्या घरात फ्लोअरखाली ९ इंच बाय ९ इंचाच्या जुन्या टाइल्स किंवा काळा डांबरासारखा गोंद निघाला तर तो खरवडू नका, घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. आमच्या जिन्याखाली तशा सात टाइल्स निघाल्या, एक तुकडा ओला करून पिशवीत बंद करून लॅबला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत तो कोपरा कोणालाही हात लावू दिला नाही.

मग काँक्रीटवर ६ मिलचं प्लास्टिक, जोडावर २० सेंटिमीटर एकावर एक आणि टेप, आणि त्यावर प्लँक. आमच्या प्लँकला गादी आधीच होती म्हणून वेगळी गादी टाकली नाही. बसवणाऱ्या मुलाने हौसेने अजून एक फोमचा थर टाकायचं सुचवलं होतं, मऊ लागेल म्हणून, पण डबल गादीवर जोड झुलतात आणि तुटतात, कंपनीचा कागद पण स्पष्ट नाही म्हणतो. भिंतीपासून ६ मिमी गॅप सगळीकडे, दाराच्या चौकटीखाली सुद्धा, भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीने, म्हणजे स्कर्टिंगने, ती झाकली जाते. गोंदाने चिकटवायचं विनाइल पण मिळतं, ते ओलसर काँक्रीटवर मी घेणार नाही, कारण वर येणारी ओल अल्कलीयुक्त असते आणि गोंद हळूहळू खाते. तरंगतं, म्हणजे जमिनीला न चिकटवता नुसतं एकमेकींत अडकवलेलं फ्लोअरिंग घ्या, ते परत उचलता येतं. हे उचलता येणं किती कामाचं आहे ते पुढच्या प्रसंगात कळेल.

बसवून साधारण दीड वर्ष झालं होतं. दुपारी वॉशिंग मशीनचा मागचा पाइप निसटला आणि आम्ही घरी नव्हतो. संध्याकाळी जिन्यावरून बघितलं तर दिव्याचं प्रतिबिंब पडलेलं जमिनीवर, घोट्याच्या जरा खाली पाणी. मॉपने, बादलीने, जे मिळेल त्याने तासाभरात वरचं पाणी काढलं, पुसलं, फ्लोअर लख्ख, जणू काही झालंच नाही. नवरा म्हणाला बघ, वॉटरप्रूफ घेतलं ते किती बरं झालं. मला चैन पडेना. भिंतीजवळच्या प्लँकवर जोरात पाय दाबला तर स्कर्टिंगखालून पचकन पाणी आलं. पाणी त्या ६ मिमीच्या गॅपमधून खाली गेलं होतं आणि प्लँक आणि प्लास्टिकच्या मध्ये अडकून बसलं होतं, जिथून ते उडून जायला कुठलाच रस्ता नाही. वरून कितीही पुसा, आठवडाभर पंखे लावा, ते तिथेच राहिलं असतं आणि धुळीवर, गादीवर बुरशी धरली असती, कारण ओलं झालेलं २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी सुरू होते.

त्याच रात्री स्कर्टिंग काढलं आणि भिंतीपासून एकेक रांग उलगडत गेलो, प्रत्येक प्लँकच्या पाठीवर पेन्सिलने नंबर, अकरा रांगा निघाल्या तेव्हा कोरडी जमीन लागली. प्लँक भिंतीला उभ्या करून पुसल्या, प्लास्टिक पुसलं, दोन पंखे आणि डिह्युमिडिफायर तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याच प्लँक नंबराप्रमाणे परत बसवल्या, फक्त तीन प्लँकच्या जिभा तुटल्या होत्या, त्या जास्तीच्या बॉक्समधून बदलल्या. हेच पाणी ओकवर साचलं असतं तर सगळं फ्लोअर कचऱ्यात गेलं असतं.

म्हणून वॉटरप्रूफ हा शब्द नीट ऐका. प्लँक वॉटरप्रूफ आहे, तिला पाण्याने काही होत नाही. जमीन वॉटरप्रूफ होत नाही. विनाइल ओल थांबवत नाही, ती झाकतं. लाकूड निदान ओरडून सांगतं, वाकतं, फुगतं, करकरतं, विनाइल वर्षानुवर्षं वरून छान दिसत राहील आणि खाली काय चाललंय ते नाकालाच कळेल. वॉरंटीचा कागद वाचलात तर तिथेही हेच आहे, वरून सांडलेल्या पाण्याने प्लँक खराब झाली तर कंपनी बघेल, खालून दाबाने आलेलं पाणी, जमिनीतली ओल आणि बुरशी हे बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. ज्यांचं बेसमेंट आत्ता ओलं आहे आणि झाकलं की प्रश्न मिटेल असं वाटतंय त्यांनी हे दोनदा वाचा, प्लीज.

विनाइलच्या बाकी तक्रारी पण सांगते. पाऊल पडलं की आवाज पोकळ येतो, बुटांचा तर जास्तच, लाकडाची ती भरीव चाल नाही ती नाहीच. थंडीत पायाला गार लागतं. पहिला आठवडाभर प्लास्टिकचा वास होता, मग गेला, घेताना फ्लोअरस्कोर किंवा तत्सम कमी उत्सर्जनाचा शिक्का बघून घ्या. फोटो छापलेला असल्यामुळे तीच गाठ, तोच डाग ठरावीक अंतराने परत दिसतो, बसवताना तीन-चार बॉक्स एकत्र उघडून प्लँक मिसळल्या नाहीत तर एकसारख्या दोन शेजारी येतात आणि एकदा डोळ्याला दिसलं की मग तेच दिसत राहतं. रबराच्या पाठीचं पायपुसणं ठेवू नका, आमच्या जिन्यापाशी त्याचा पिवळा डाग कायमचा बसलाय, रबर आणि विनाइलची रासायनिक प्रक्रिया होते, घासून जात नाही. आणि हे पीव्हीसी आहे, वीस वर्षांनी काढून टाकलं की कुठे जाणार हा प्रश्न मला टोचतो.

मधला पर्याय म्हणून इंजिनिअर्ड हार्डवूड सुचवतात, वर २ ते ४ मिमी खरं लाकूड आणि खाली प्लायसारखे आडवे-उभे थर, त्यामुळे ते सॉलिडपेक्षा खूप कमी हलतं. स्लॅबमधली आर्द्रता खरोखर मर्यादेत असेल, खाली ओल अडवणारा चांगला थर (मॉइश्चर बॅरियर) असेल आणि बारा महिने खोलीतली हवा ३० ते ५० टक्क्यांत ठेवायची तयारी असेल तर जमिनीच्या पातळीखाली लाकूड हवंच असणाऱ्यांनी याचाच विचार करावा. आमच्या ८१ च्या आकड्यावर मी ती हिंमत केली नाही, आणि वॉशिंग मशीनच्या त्या दुपारनंतर तर करणारही नाही. पण ज्यांचं बेसमेंट अर्धं जमिनीच्या वर आहे, ऊन येतं, आकडे चांगले आहेत, त्यांनी माझं ऐकून लाकूड सोडू नये, स्वतःचं काँक्रीट मोजावं.

जुन्या ओकचं काय केलं ते पण विचारतात लोक. ज्या फळ्यांना बुरशी होती त्या फेकल्या. बाकीच्या मधे मधे पट्ट्या टाकून वरच्या मजल्यावर रचून ठेवल्या, चार महिन्यांत ओल १५ वरून ९ वर आली आणि बहुतेकींचा बाक गेला. सुतारकाकांनी त्या निवडून निवडून वरच्या छोट्या खोलीत बसवल्या, हलकं सँडिंग केलं, तेल लावलं. दोन-तीन ठिकाणी जुन्या खिळ्यांच्या गंजाचे काळसर डाग राहिलेत, ते मी मुद्दाम ठेवले.

आणि विनाइलचा एक जास्तीचा बॉक्स नक्की घेऊन ठेवा, काही वर्षांनी तोच रंग, तीच खाच मिळत नाही. आमचा जिन्याखाली सपाट आडवा ठेवलाय, तेव्हाच्या तीन प्लँक कमी होऊन नऊ उरल्यात, आणि त्याच्या वरच भिंतीवर हायग्रोमीटर टांगलाय. हे लिहायला बसण्याआधी बघून आले, ४७.